घराला एक माणूस

प्रिय दीक्षा,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसायला नको. हे पाकीट मलकापूरला तुझ्या शाळेत येईल, शिपाई ते मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर अदबीनं ठेवील, तू चष्मा पुसून ते उघडशील, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि पत्र सुरू करायच्या आधीच माझ्या पोटात दुखायला लागलं. फोन केला असता, पण फोनवर तुझंच राज्य असतं. तू बोलतेस, मी हं हं करते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की सांगायचं ते सांगितलंच नाही. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता गप बस आणि ऐक.

तुझी आई बरी आहे. चिमणामावशीचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून ठणठणीत आहे. परवा तिच्याकडे गेले तेव्हा चुलीवर तुरीची डाळ होती. मी झाकण काढून एक दाणा बोटानं दाबून बघितला, तर नुसतं लोणी. माझ्या घरी हीच डाळ, त्याच दुकानातली. कुकरच्या शिट्ट्या ऐकून कान किटतात तरी दाणा न् दाणा वेगळा, सासूशी भांडल्यासारखा. शेवटी रवीनं घुसळते आणि वाढते. दुसरीच्या डाळीवर जळणारी बाई तू आजवर बघितली नसशील. घे, बघ.

दोष डाळीचा नाही, पाण्याचा आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आता तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला पांढरं साकळतं, चहा खारट लागतो. गावातल्या बोअरचंही तेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण शाळेत म्हण म्हणून पाठ केलं होतं. इथे उलटं झालंय. उसाला पाणी पाजून पाजून आणि युरियाची पोती रिकामी करून करून आम्ही आडात जे ढकललं, तेच आता पोहऱ्यातून वर यायला लागलंय. खालच्या गल्लीत घरोघरी प्यायच्या पाण्याचा निळा जार येतो. एखाद्या दारात जार दिसला नाही तर बायका विचारतात, काय गं, काही बिनसलंय का घरात? आणि तुमची ती माळावरची, मुरमातली विहीर मात्र जशीच्या तशी गोड. महापुरात आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं आणि प्यायला थेंब नव्हता, तेव्हा तुमच्या विहारात वळकट्या टाकून राहिलो आणि तुमच्याच विहिरीचं प्यायलो. सगळी गल्ली देवाचे आभार मानत होती. मी मात्र प्रत्येक घोटाला मनात म्हणत होते, हेही दीक्षाचंच.

त्या विहिरीच्या वरल्या अंगाला, उतारावर, आमची माळाची पट्टी आहे. तिथे कुसळं, तरवड आणि कुणाची तरी मेंढरं, यापलीकडे मी आयुष्यात काही उगवलेलं बघितलं नाही. आबा म्हणायचे, मुरमाड आहे, त्यात घातलेला खर्च वाया जाईल. आबा गेल्यावर पट्टी तशीच राहिली. या वर्षी मात्र आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. शेजारच्या गावात कुणीतरी असाच माळ फोडून ऊस उभा केला, तो बघून आले आणि तेव्हापासून दुसरा विषय नाही. उन्हाळ्यात जेसीबी लावून पट्टी सपाट करायची, तळ्यातला गाळ आणून पसरायचा, नदीवरनं पाइपलाइन ओढायची आणि आषाढात उसाची आडसाली लागण, दीड वर्षाची. जेसीबीवाल्याला विसारही देऊन झाला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पडीक रान हिरवं झालं तर कुणाला नको असतं?

अशात एक दिवस ती मुलगी आली. आफशीन तिचं नाव, कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकते, मिरजेकडची. डोक्याला ओढणी गुंडाळून, हातात टॅब घेऊन उन्हातान्हात घरोघर फिरत होती. जमिनीखालचं पाणी चांगलं राहावं म्हणून गावानं एक निधी काढला तर तुमचं घर महिन्याला किती घालील, असा तिचा प्रश्न. आधी ती एक आकडा सांगते. हो म्हटलं की वर चढते, नाही म्हटलं की खाली उतरते. आठवडी बाजाराचा उलटा खेळ. वर दर वेळी बजावते, की तुमचे बाकीचे खर्च डोळ्यांपुढे ठेवून खरं खरं सांगा, मोठेपणासाठी सांगू नका. मी तिला पाणी दिलं, अर्थात जारमधलं. ती म्हणाली, हे विकत घेता का? हे म्हणाले, मग काय, पावण्यास्नी हिरीचं पाजू? आणि ते झाल्यावर तिनं आपला प्रश्न विचारला, तर एका क्षणात यांचं उत्तर तयार.

"माझ्या रानाखालचं पाणी माझं. माझ्याच पाण्याला मी पैसं देऊ व्हय? शून्य लिही."

ती बिचारी खाली खाली उतरत अगदी चहाच्या किमतीपर्यंत आली. हे शून्यावरून हलले नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाले, आज विचारतायत, उद्या विहिरीवर मीटर बसवतील. आणि हे काही एकट्या ह्यांचंच डोकं नाही. खालच्या सगळ्या गल्लीत मीटरची आवई उठली आणि घरोघरी शून्य. ज्यांच्या दारात निळा जार होता त्यांनीही शून्य. जाराचे पैसे महिन्याच्या महिन्याला बिनबोभाट जातात, त्याचं कुणाला काही नाही. मला हसू आलं, पण मीही तोंड उघडलं नाही. फक्त 'माझ्या रानाखालचं' हा शब्द कानात अडकून राहिला.

आता इथे तुला आमच्या घरातली एक गोष्ट परत आठवून देते. आबांना मी एकटी. म्हणून विजयसिंह या घरात जावई होऊन आले आणि इथलेच झाले. रान कागदावर माझं आहे. पण ते तोंडानं म्हणायचं नाही, हा आमच्या घरातला कुणीच न केलेला नियम. डेअरीत, सोसायटीत, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे 'विजयसिंहरावांचा मळा'. मी मान डोलावते. माणूस चांगला आहे गं. आबांच्या मागं त्यांनीच हे रान उभं ठेवलं, रात्रीची लाइट धरून पाणी पाजलं, कधी मला चिखलात उतरू दिलं नाही. घरजावयाला बाकी सगळं चालतं, तेवढं एक वाक्य चालत नाही. आजवर मी ते कधी म्हटलं नव्हतं.

तर आफशीन. तिला तुमच्या वस्तीकडे जायचं होतं. ऊन डोक्यावर, पोर परक्या गावातली, म्हणून मी सोबत निघाले. खोटं कशाला बोलू, सोबत हे निमित्त. तुमच्या वस्तीतले लोक काय सांगतात ते मला ऐकायचं होतं. मनातून वाटत होतं, त्यांचं पाणी गोड, ते कशाला पैसे काढतील? तेही शून्यच म्हणतील आणि आपण सगळे एका पंगतीला येऊ.

पण तिथे वेगळीच गंमत. आफशीन एकेका घरी बसून विचारायला लागली आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर. पैसं न्हाय, माणूस देतो, घराला एक. तिला वाटलं प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा समजावलं की महिन्याला, रुपयांत, समजा. पुढच्या घरी तेच. मग विहिरीच्या कट्ट्यावर बायका जमल्या आणि त्यांनीच तिला समजावलं. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहीर उपसायची, गाळ काढायचा. त्याला प्रत्येक घरातून एक माणूस उतरतो. श्रीमंत असो, नोकरीवाला असो, पैसे देऊन बदली माणूस चालत नाही. भाऊ वेगळे निघाले, चुली दोन झाल्या, की माणसंही दोन. विहिरीभोवती दगडांचं जे कडं आहे, त्याच्या आत जनावर बांधायचं नाही, धुणं धुवायचं नाही, खताची पाटी टेकवायची नाही. ज्या घराचा माणूस उतरला नाही, त्या घरानं वर्षभर विहिरीवर पोहरा टाकायचा नाही. त्यांच्या मते त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. आफशीनचा टॅब मात्र आकड्याशिवाय पुढे सरकत नव्हता. ती हिरमुसली. मीटरला घाबरलेलं खालचं गाव तिला एक वेळ कळलं होतं, पण हे काय करावं ते तिला कळेना. आणि मला कुणी न विचारता आठवलं, की तुमच्या घरातून दर वर्षी तू उतरतेस. मलकापूरहून येतेस, साडी खोचतेस आणि हेडमास्तरीण असून कमरेएवढ्या चिखलात उभी राहतेस. मी हे दर वर्षी माळावरून लांबून बघते. तुला माहीत नसेल.

उठता उठता आफशीननं सहज वर बघितलं आणि विचारलं, ते वरचं रान कुणाचं? मी म्हटलं, आमचं. ती म्हणाली, मावशी, ते पडीक आहे म्हणून ही विहीर वाचली आहे. पावसाचं पाणी त्याच मुरमातून मुरत खाली येतं. तिथे ऊस लावून खत टाकलं, तर दोन-चार वर्षांत हे पाणी तुमच्या खालच्या विहिरीसारखंच होईल.

आता जे लिहिते ते वाचून मला शिव्या दे. ते ऐकून मला आधी आनंद झाला. छातीत काहीतरी गोड पसरलं. दीक्षाची विहीर माझ्या हातात आली, असं वाटलं. मला काही करायचंही नव्हतं. जेसीबीला विसार गेला होता, पाइपलाइनचा नकाशा झाला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं आणि तुझ्या आईची डाळ माझ्या डाळीसारखी टचटचीत राहणार होती. घरी परत येताना माझी चप्पल हलकी वाटत होती.

तुला वाटेल, एवढं काय वाकडं केलं होतं मी हिचं? काहीच केलं नाहीस, तेच तर दुखणं आहे. शाळेत तुझा नंबर पहिला आणि माझा तुझ्या मागं, ते मी सोसलं. तुझं अक्षर गुरुजी फळ्याशेजारी लावायचे, तेही सोसलं. तुझी वेणी कमरेखाली आणि माझ्या शेपटीला रिबिनीत धरायला केस पुरायचे नाहीत, त्याला कोण काय करणार? पण आबा रात्री जेवताना म्हणायचे, पोरगी असावी तर चिमणाबाईच्या दीक्षासारखी, काय तिचं वाचणं, काय तिचं बोलणं. मी समोर बसलेली असायची. मी आबांना एकटी होते, दीक्षा. एकुलत्या एका लेकीला कुणाशी वाटून घ्यायची सवय नसते. दुसरी बहीण असती तर मी तिच्याशी झिंज्या धरून भांडले असते आणि मोकळी झाले असते. तुझ्याशी भांडायची सोयच नव्हती. तू आमच्याकडे आलीस की ओसरीवरच थांबायचीस आणि कोनाड्यात तुझ्यासाठी वेगळा पेला असायचा. माझ्या आईनं ठेवलेला. तू त्यातून मुकाट पाणी प्यायचीस, पेला धुऊन पालथा घालायचीस. आणि आबा, जे रात्री तुझं कौतुक करायचे, त्यांनी तो पेला कधी उचलून फेकला नाही. तेव्हा मला ते बरं वाटायचं. त्या एका पेल्यापुरती मी तुझ्यापेक्षा वरची होते.

तर त्या आनंदात मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, का कोण जाणे, पुन्हा चिमणामावशीकडे गेले. कदाचित जे जाणार आहे ते शेवटचं डोळे भरून बघून घ्यावं म्हणून असेल. ती कट्ट्यावर लसूण सोलत बसली होती. माळावर आखणीच्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्या तिथून दिसत होत्या. तिनं त्या बघितल्या होत्या. तरी माझ्याकडे एका शब्दानं तक्रार नाही. चहा केला, डाळ-भाकरी खाऊन जा म्हणाली. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, मावशी, आता त्या पट्टीत ऊस लावायचं चाललंय. ती म्हणाली, व्हय, दिसतंय की. मी म्हटलं, आबांना कधी सुचलं नाही बघा. मुरमाड मुरमाड म्हणत आयुष्य काढलं. तेव्हा तिनं लसणाची पाटी खाली ठेवली.

"तुझ्या आबाला सुचलं न्हाय व्हय? आगं, त्यानं शब्द दिलता."

मग तिनं सांगितलं. आबा सांजच्याला त्या पट्टीत फेरी मारायला यायचे. मला वाटायचं रान बघायला जातात. पडीक रानात बघायचं काय असतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ते येऊन तुमच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसायचे आणि पाणी मागायचे. तू द्यायचीस. पेला नाही, भांडं नाही. तू पोहरा तिरका धरायचीस आणि ते ओंजळीनं प्यायचे. एकदा तुझ्या वडिलांनी त्यांना म्हटलं, पाटील, तुमचं रान आमच्या वरल्या अंगाला, तुमी तिथं जे घालशिला ते आमच्या पोटात येनार. आबा म्हणाले, मग त्या रानात मी काय बी घालत न्हाय. एवढंच. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यानंतर घरी माझ्या आईनं त्यांना आळशी म्हटलं, भावकीनं येडा म्हटलं, पुढे ह्यांनीही दबक्या आवाजात म्हटलं, मामांना शेतीतलं कळत नाही. सगळ्यांना एकच उत्तर, मुरमाड आहे. मावशी म्हणाली, घरात सांगितलं असतं तर त्याला कुणी ठेवू दिला नसता शब्द. मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, दीक्षाला ठावं हाय सगळं. तिनं तुला सांगितलं न्हाय?

नाही सांगितलंस. माझं मंगळसूत्र कुठल्या सोनाराकडे केलं इथपासून ते माझ्या गर्भाशयाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं तुला ठाऊक आहे, आणि तू माझ्याच बापाची गोष्ट माझ्यापासून झाकून ठेवलीस. का, ते मला कळतं. त्यांनी तुला सांगितलं असेल, घरी बोलू नको. तू शब्दाची पक्की, त्यांच्यासारखीच. हेच मला सोसत नाही. त्यांच्यासारखी मी असायला हवी होते. तुझ्या आईच्या दारात उभी राहून मी त्या दिवशी जेवढी जळले, तेवढी तुझ्या नंबरावर, वेणीवर, नोकरीवर मिळून जळले नसेन. आमच्या ओसरीवर वेगळा पेला ठेवणाऱ्या घरातला माणूस तुझ्या हातचं पाणी पीत होता, आणि त्या घरातल्या पोरीला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आले. हे जेवायला बसले होते, दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार म्हणून खुशीत होते. मी भाकरी वाढली आणि आधी समजावूनच सांगितलं. आफशीन काय म्हणाली ते सांगितलं, विहिरीचं सांगितलं. हे म्हणाले, त्यांच्या हिरीसाठी मी माझं रान पडीक पाडू? मी आबांच्या शब्दाचं सांगितलं. म्हणाले, मामा गेले, त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला. माझं रान, मी बघतो. आणि दीक्षा, मग माझ्या तोंडातून ते आलं.

"रान माझ्या नावावर हाय. त्या पट्टीत ऊस लागणार न्हाय."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, रागाच्या भरात बोलली म्हणून सोडून देता आलं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, माणूस परक्या घरात चुकून शिरल्यावर बघतो तसं. भाकरी अर्धी होती. ताटातच हात धुतला. सकाळी पिशवी भरून जोतिबाला निघून गेले, चैत्र यात्रेच्या निमित्तानं, डोंगराच्या पायथ्याला त्यांच्या भावाकडे. जाताना जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगून गेले, तेवढी माणुसकी दाखवली. यात्रा झाली. आपल्या गावचे सगळे परत आले, त्यांच्या कपड्यांवरचा गुलालही धुऊन गेला. हे अजून तिकडेच आहेत. फोन केला की दीर उचलतात आणि सांगतात, दादा रानात गेल्यात. कुणाच्या रानात, ते विचारायची माझी छाती होत नाही. मी त्यांना घ्यायला जाणार आहे, वाकेन पण जाईन. पण ते वाक्य परत घ्यायला सांगितलं तर मला घेता येणार नाही, आणि ते एकदा ऐकलेले कान मला बदलून देता येणार नाहीत. यापुढं ते रानात उभे राहतील तेव्हा त्यांच्या पायाखाली ते वाक्य असणारच.

आफशीनचा मध्ये फोन आला होता, काही माहिती राहिली होती तिची. तिला मी म्हटलं, आमच्या घरापुढं शून्य लिहिलंस ना, तिथं दुसरं काही लिहिता येईल का? ती म्हणाली, आकडा सांगा. मला आकडा सांगता आला नाही. तेव्हा आमच्या घरापुढं अजून शून्यच आहे. राहू दे.

खुंट्या मी स्वतः उपटल्या. हे तू माझ्या चांगुलपणाच्या खात्यावर लिहू नकोस, मी बजावते. मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. मला तुझी विहीर बुडवायची होती आणि माझ्याआधी आबांनी ती राखून ठेवलेली निघाली, एवढाच काय तो माझा नाइलाज. शिवाय तुझं पाणी माझ्याइतकंच खारट झालं असतं, तर उरलेलं आयुष्य मी जळले कशावर असते? त्या सवयीवर माझा संसार चाललाय.

आता का लिहिलं ते. परवा मी वस्तीतल्या बायकांना विचारलं, वरल्या अंगाच्या रानवाल्यांचं माणूस गाळाला चालेल का? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मावशी म्हणाली, घराला एक, रीत सगळ्यांना सारखी. तर या बुद्धपौर्णिमेला आमच्या घरातून मी उतरणार आहे. तू येशीलच. साडी मीही खोचून घेईन, आणि आधीच सांगते, तुझ्या आधी शिडीवर पाय मी ठेवणार. एकदा तरी मला पुढं जाऊ दे. आणि खाली, चिखलात, जिथं वरच्यांना काही ऐकू जात नाही तिथं, तू मला सांगायचंस. मावशीला मी खूप खोदून विचारलं, आबा पाणी पिताना काय बोलायचे? ती म्हणाली, ती दोघंच बोलायची, मी भाकरी थापत असायची, दीक्षाला इचार. म्हणून विचारते. काय बोलायचे ते? हसायचे का? माझं नाव कधी निघायचं का? ओंजळ भरली की किती वेळ तशीच धरून ठेवायचे? घरी ते गप्प असायचे गं, मला त्यांचा आवाज आता नीट आठवतही नाही. इतकी वर्षं तू एकटीनं ठेवून घेतलास. आता माझा बाप मला थोडा परत दे.

तुझीच,
जळकी
संयोगिता